डबीचं पाचवं कार्ड

...नाही, नाही, हात सहज वर गेला, मला काही विचारायचं नाही. तुम्ही बसा. तो असा मधूनमधून वर जाईल, तिकडं लक्ष देऊ नका, का जातो ते शेवटी सांगतो. आधी कार्डाचं सांगू द्या. तुम्हाला सांगतो, चार कार्डं! पावणेदोन वर्षांत चार! एकेक माझ्या नखाएवढं, आणि त्या नखावर माझं उस्मानपुऱ्यातलं अख्खं घर टांगलेलं, अंगण, कढीपत्त्याचं झाड, पाण्याचा हौद, सगळं. पाचवं कार्ड मेलं की आम्ही दोघं पुण्याला, सोळाव्या मजल्यावर. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो, डॉक्टरेट आहे, एकतीस वर्षं पोरांना शिकवलं की काय कशामुळं होतं ते ठरवायची घाई करू नये, आणि मीच... माझं कुठं चुकलं, तुम्हीच सांगा.

पहिल्यापासून सांगतो. आमचा शंतनू, एकुलता एक, पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आला तो एक डबी घेऊन. पत्त्यांचा कॅट असतो ना, तेवढी. म्हणाला, बाबा, हा कॉम्प्युटर आहे. मी म्हटलं, उरलेला कुठाय? तर उरलेला नाहीच, एवढाच! एका पाटीवर सगळं. आता मी कॉम्प्युटर पाहिला तो आमच्या कॉलेजात, त्याला स्वतंत्र खोली होती, बाहेर चपला काढायला लागायच्या, आत गारवा, आणि तिथला ऑपरेटर रोज दुपारी तो बंद करायचा. म्हणायचा, सर, मशिनलाही विसावा लागतो, तापलं की डोकं फिरतं त्याचं. ते माझ्या मनात बसलेलं. आणि ही डबी, हात लावला तर गरम! आमच्या गावच्या उन्हाळ्यात माणूस तापतो, तिची काय कथा?

तर शंतनूनं ती इंटरनेटच्या डबीशेजारी ठेवली, दोघींना एकच बोर्ड, एकच बटण. भिंतींना पांढरी बटाट्याएवढी यंत्रं चिकटवली, ती माणूस हलला की ओळखतात. पाण्याची टाकी भरली की मोटर आपोआप बंद. रात्री बाथरूमला उठलं की बोळातला दिवा आपोआप चालू. आणि मुख्य म्हणजे, सकाळी सातपर्यंत स्वयंपाकघरात काही हललं नाही, तर पुण्याला शंतनूच्या फोनवर निरोप. कशाचा निरोप, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. आमची ही, कालिंदी, तिनं मात्र विचारलं, "म्हणजे आम्ही गेलो की तुला कळणार, असंच ना?" तो म्हणाला, "आई, काहीतरीच काय!" पण डोळे बटाट्याकडं.

आणि हे सगळं ती डबी कशावर लिहून ठेवते? कार्डावर. मोबाइलमध्ये घालतात तसलं. मला वाटलं, एवढीशी वही, किती दिवस पुरणार? पण मुलानं विचार केला असेल, आपण कशाला बोला. हे बघा, माझा स्वभावच असा, मला कशाचीही खात्री नसते. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन ओढून बघतो. म्हणून मी गप्प बसलो. फक्त एवढं केलं की दुपारी दीडला जेवून आम्ही आडवे झालो की डबीचंही बटण बंद करायचं, साडेतीनला उठलो की चालू. आपण वामकुक्षी घ्यायची आणि तिला राबवायचं, हे काही बरं नाही.

अकरा महिने नीट चाललं. मग तो मे महिन्यातला रविवार. आमरस. आता आमरसाबद्दल मी तुम्हाला काय सांगावं... चार वाट्या झाल्या, पुढचं मोजलं नाही. फोन मुके करून आडवे झालो ते साडेपाच झाले तरी उठलोच नाही. मला जाग कशानं आली माहितेय? नाकाखाली काहीतरी वळवळलं. डोळे उघडले तर समोर, हे एवढ्या अंतरावर, मिशा! आमचे शेजारी नानासाहेब! माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास बघतायत! आणि मान वळवून खिडकीबाहेर ओरडले, "हायेत! हायेत! चालूय!" आणि बाहेर सगळी गल्ली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मी स्वतः ऐकल्या.

झालं होतं असं की साडेतीनला शंतनूच्या फोनवर घर जागं झालं नाही, त्यानं चाळीस फोन केले, मग नानासाहेबांना. नानासाहेब मूळचे अजिंठ्याकडचे, शेतातला गडी, त्यांनी मागच्या दाराची कडी खांद्यानं उचकटली. मला म्हणाले, "सर, लई घाबरवलं तुमी. म्या तर मनातल्या मनात गाडीबी सांगून ठिवली." कसली गाडी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कालिंदी उठून बसली आणि म्हणाली, "भाऊजी, आलाच आहात तर चहा घ्या." आणि ते बसले! कडी हातात घेऊन चहा प्यायले.

मी उठून बटण दाबलं. डबी उठली नाही. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि खलास. शंतनू फोनवर म्हणाला, "कार्ड गेलं, बाबा. अशी जातात." त्या दिवसापासून मी गल्लीतून चाललो की लोक माझ्याकडं कसे बघतात सांगू? रंगीत तालीम झालेली आहे, आता नाटक कधी लागतंय, तसे! मी काय केलं हो? आमरस खाल्ला. माझं कुठं चुकलं, तुम्हीच सांगा.

दुसरं कार्ड आलं. मी म्हटलं, उन्हाचा त्रास झाला बिचाऱ्याला, आपण काळजी कमी घेतली. म्हणून सकाळी पूजेच्या वेळी अर्धा तास जास्तीचा आराम द्यायला लागलो. तर ते पाच महिन्यांत गेलं! मग तिसरं. त्याला संध्याकाळीही दिवेलागणीला अर्धा तास. ते तीन महिन्यांत! चौथ्याला तर मी इतकं जपलं, इतकं जपलं, नुसता हात लावून गरम वाटलं की बटण बंद... दीड महिना! दीड महिन्यात गेलं ते! मी वहीत आलेख काढला. अकरा, पाच, तीन, दीड. रेघ अशी खाली, सरळ जमिनीत. आणि एक गोष्ट सापडली, चारही कार्डं दुपारीच मेली. बरोब्बर दीड ते साडेतीनच्या दरम्यान. मी बाजूला लिहिलं, 'ऊन.' खाली दोन रेघा मारल्या. जानेवारीत कसलं ऊन? पण दुपारी थोडं तरी असतंच की... एकदा गृहीतक धरलं की सोडवत नाही हो, माणसाला.

प्रत्येक वेळी शंतनू विचारायचा, "बाबा, दुपारी बंद होतं का घर?" मी म्हणायचो, "हो, बंद होतं." खरं तेच सांगितलं. त्याला वाटलं लाईट जाते. मला वाटलं त्याला माहितेय. आणि चौथ्या कार्डानंतर तो म्हणाला, अगदी शांतपणे, म्हणून जास्त भीती वाटली, "बाबा, आता शेवटचं. या वेळी तुम्हीच नीट बघून घ्या काय घ्यायचं ते. पाचव्यांदा घर गप्प झालं तर मी गाडी घेऊन येतो आणि तुम्हाला दोघांना घेऊन जातो. मला हे सहन होत नाही." मी कालिंदीकडं पाहिलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी येणार नाही. तुम्ही जा, कार्ड घेऊन."

म्हणजे निवड माझ्यावर! आयुष्यभर मी दुकानात चपलासुद्धा एकट्यानं घेतल्या नाहीत. बसलो वाचत. आठ दिवस वाचत होतो. साधं कार्ड म्हणे लिहून लिहून झिजतं, आतल्या जागा मरतात. मी बघितलं, डबी लिहिते तरी काय? तर सेकंदासेकंदाला, 'स्वयंपाकघर, हालचाल. स्वयंपाकघर, हालचाल.' हिचं डब्यांपाशी येणंजाणं लिहून लिहून कार्डं झिजली! मी हिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "बरं. उद्यापासून मी हलत नाही. कार्डाला सांगा वरणभात लावायला."

मग एक टिकाऊ कार्ड असतं, चौकातल्या कॅमेऱ्यांत घालतात ते. ते घ्यावं, तर लोक म्हणतात बाजारात नकली फार. मग पेन ड्राइव्ह. तो तापतो. मग एसएसडी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, वायरनं बाहेरून जोडायची, दणकट, वर्षानुवर्षं टिकते, पण ती जास्त वीज ओढते, म्हणजे डबीचा चार्जर पुरेल का? नाही पुरला तर? डबी बसली, घर गप्प, शंतनूची गाडी पैठण रस्ता का नगर रस्ता, कुठून येईल तिथून अंगणात! मला स्वप्नात ती गाडी रिव्हर्स घेताना दिसायची. जेवण जाईना. शेवटी कालिंदी म्हणाली, "अहो, आपल्याकडं पाणी किती ठिकाणी भरतात? हौद, टाकी, पिंपं, आणि देव्हाऱ्याखाली झाकलेला एक हंडा, त्याला कुणी हात लावायचा नाही. नळ कधी येईल ते आपल्या हातात नसतं म्हणून. तुमच्या कार्डाचा हंडा कुठाय?" सगळ्याची एक नक्कल वेगळी काढून ठेवायची, हे सांगायला तज्ज्ञांनी सतरा पानं घेतली होती. एकतीस वर्षं मी कॉलेजात काय करत होतो, असं वाटून गेलं.

गेलो कॉम्प्युटरच्या दुकानात. आमच्याच भागात, कोपऱ्यावर. तिथं रूपा नावाची मुलगी बसते, म्हणजे मुलगी कसली, तिशीची असेल, पण तिला सगळ्यातलं कळतं. मी वही उघडली, आलेख दाखवला, ऊन दाखवलं. तिनं शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काका, दुपारी नेमकं काय होतं तुमच्याकडं?"

मी म्हटलं, काही नाही, आम्ही झोपतो.

"आणि डबी?"

"तीही झोपते. बटण बंद करतो ना मी."

"म्हणजे आधी फोनवरून तिला बंद व्हायला सांगता, आणि मग बटण?"

"सांगायचं काय त्यात? बटण बंद."

तिनं पाण्याची बाटली उघडून एक घोट घेतला. मग म्हणाली, "काका, तुम्ही प्राध्यापक होता ना? परीक्षेत पोरगं लिहीत असताना, शब्द अर्धा असताना, तुम्ही एकदम पेपर ओढला तर काय होतं?"

मी म्हटलं, रेघोटी उमटते. कागद फाटतो कधीकधी.

"ती डबी सेकंदाला लिहिते. तुम्ही रोज पेपर ओढला. आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. कार्डं मेली नाहीत, काका. तुम्ही मारलीत. झोपवून झोपवून."

मी वही मिटली. तिनं स्टूल पुढं केलं. जितका जास्त आराम, तितकं लवकर मरण! तो माझा आलेख, ती खाली जाणारी रेघ, ती उन्हाची नव्हती हो, ती माझी होती. चारही खून दीड ते साडेतीन, आणि त्या वेळी बटणापाशी कोण होतं? एकच माणूस! आणि तोच तपास करत होता! एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं समजू नका... माझं कुठं चुकलं ते आता सांगायचीही गरज नाही, रूपानं सांगितलं.

एसएसडी घेतली, दणकट चार्जर घेतला, हंड्यासाठी एक पेन ड्राइव्हही घेतला. पण खरी भीती आता सुरू झाली. शंतनूला सांगायचं का? सांगितलं तर तो काय म्हणेल? बाबांना बटणही कळत नाही, चला पुण्याला. नाही सांगितलं तर? कुणाला कळणार होतं? मी वाटेतच ठरवलं, नाही सांगायचं. गुपचूप डबी जागी ठेवायची, तिचा हिरवा दिवा चालू राहील, विषय संपला. आयुष्यात पहिल्यांदा मला एका निर्णयाची पूर्ण खात्री वाटली.

आणि घराजवळ आलो, तर गल्लीतल्या खांबावर माणूस चढलेला. एप्रिलचं ऊन, दुपारचे सव्वाबारा. खाली नानासाहेब छत्री घेऊन उभे. मी विचारलं, काय झालं? नानासाहेब म्हणाले, "तुमच्या शंतनूनं तक्रार केली ना, रोज दुपारची लाईट जाती म्हनून. म्याबी खाली सही ठोकली. म्हनलं, आमची बी जाती."

मी म्हटलं, तुमची जाते?

"नाय. पन पोरगं एवढं तळमळीनं बोलत व्हतं."

सगळ्या गल्लीनं सह्या केल्या होत्या! चौदा घरांची लाईट रोज दुपारी जाते, असं लेखी! आणि वर तो लाइनमन, गोकुळ त्याचं नाव, तिसऱ्यांदा आला होता, एकेक जोड तपासत होता, घाम त्याच्या नाकावरून टपकत होता, तो खाली रस्त्यावर पडलेला मला दिसत होता. न झालेला दोष तो शोधत होता. आता सांगा, मी घरात जाऊन ताक पिणार होतो का? मी गेलो खांबापाशी आणि वर बघून म्हटलं, अहो, उतरा. लाईट जात नाही. मी घालवतो.

गोकुळ उतरला. सगळं ऐकलं. हातमोजे काढले. म्हणाला, "सर, मेरेको एक बात बताओ. मशीनला झोप लागती हे तुमाला कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, कॉलेजातल्या ऑपरेटरनं.

"त्याला स्वतःला झोपायचं असंल, सर."

एकतीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! नानासाहेबांनी छत्री मिटली, उगाच दुसरीकडं बघायला लागले. कालिंदी दारातून म्हणाली, "गोकुळभाऊ, आत या, ताक घ्या. आणि तुम्ही, शंतनूला फोन लावा. आत्ता. ताक नंतर."

लावला फोन. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पलीकडं काहीतरी खुडबुडलं. मला वाटलं गाडीची किल्ली शोधतोय. मग म्हणाला, "बाबा, रोज दीड वाजता माझ्या फोनवर तुमचं घर करडं होतं. साडेतीनला हिरवं. ते दोन तास माझं जेवण होत नाही नीट. पावणेदोन वर्षं झाली. लाईटच गेली असेल, असं मी रोज स्वतःला सांगत होतो."

मला वाटायचं, घाबरायचं काम आमच्या घरात माझ्याकडं आहे. कालिंदीनं फोन घेतला आणि म्हणाली, "तू डबा खा. इथं सगळे जिवंत आहेत. जास्तीचा एक लाइनमनही आहे."

तर मग तह झाला. पुणं रद्द. एसएसडी बसली, नक्कल हंड्यासारखी देव्हाऱ्याखाली गेली, आणि त्या बोर्डाच्या बटणावर शंतनूनं सांगितल्याप्रमाणं मी चिकटपट्टी लावली. डबी आता झोपत नाही. दुपारीसुद्धा टक्क जागी. अट एकच घातली त्यानं. दिवसा चाळीस मिनिटं घरात काही हललं नाही, तर निरोप त्याला आणि लगेच नानासाहेबांना. नानासाहेबांनी तर मागच्या दारासाठी खांदा तयारच ठेवलाय.

आता तुम्हीच विचार करा, चाळीस मिनिटं! झोपेत माणूस हलतो, पण बटाट्याला दिसेल एवढा हलतो का? झोपेतलं कोण सांगणार? म्हणून मी दुपारी आडवा होतो, घड्याळाकडं तोंड करून, आणि दर अर्ध्या तासानं हात वर करतो. असा. सरळ वर, बटाट्याला दिसेल असा. दोनदा हलवतो. हात वर केला की पुण्यात पोरगं जेवतं. कालिंदी? ती भिंतीकडं तोंड करून घोरते. मी म्हटलं, तूही हलव की. तर म्हणाली, "तुमचा हात हलला की त्यात मीही आले."

एसएसडीला पाच वर्षांची हमी आहे. माझी विचारली नाही.

आणि हाताला आता सवय लागली. बँकेत वर जातो, रिक्षात वर जातो, बसस्टॉपवर वर गेला तर दोन बस थांबल्या. परवा गल्लीत पाणी समितीची बैठक होती. नळाच्या दिवशी कुणाच्या घरी आधी, कुणाच्या मागून, कुणी मोटर लावली, कुणाचा पाइप कुणी ओढला, हे सगळं वर्षभर कुणी बघायचं? सगळे जमिनीकडं बघत बसलेले, कुणी हलत नाही, अर्धा तास झालेला... आणि माझा हात वर! नानासाहेबांनीच पहिली टाळी वाजवली. एकमतानं सचिव.

माझं कुठं चुकलं, तुम्हीच... नको, राहू द्या. उद्या नळाचा दिवस आहे.